चित्रवही करून घेण्याआधी हे वाचा

आम्ही नाशिकमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांना चित्रं दाखवून किंवा देऊन आपलं म्हणणं सांगता यावं म्हणून चित्रवह्या, चित्रफलक आणि दिनक्रमाच्या पट्ट्या तयार करून देतो. निदान आणि थेरपी आमच्याकडे होत नाही. ते डॉक्टरांचं आणि स्पीच थेरपिस्टचं काम. मुलाची थेरपी चालू असेल तर कोणती चित्रं घ्यायची ते आधी त्यांना विचारून या.

पहिला प्रश्न बहुधा आजी विचारते: "चित्रं दाखवायची सवय लागली तर हा तोंडाने बोलायचाच नाही ना?" तसं होत नाही. आजवरच्या अभ्यासांत चित्रांमुळे मुलांचं बोलणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही, उलट काहींचं थोडं वाढलं. कार्ड समोरच्याच्या हातात देऊन वस्तू मागण्याची 'पेक्स' ही पद्धत अमेरिकेत १९८५ मध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी सुरू केली. नुसतं बोट दाखवणं आणि कार्ड कुणाच्या तरी हातात देणं यात फरक आहे. द्यायचं म्हटलं की माणसाकडे जावं लागतं.

फोटो तुमच्या घरचेच हवेत. तयार संचांत सँडविच असतं, बर्फातला माणूस असतो. आपलं पोर वरण-भात खातं आणि व्हॅनवाल्या काकांबरोबर शाळेत जातं. घरी पाणी स्टीलच्या भांड्यात आणि कार्डावर काचेचा ग्लास असेल, तर काही मुलांच्या लेखी त्या दोन निराळ्या वस्तू असतात. पांढऱ्या चादरीवर वस्तू ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो काढा. मागे कॅलेंडर नको, नाहीतर वस्तू राहते बाजूला आणि मूल तारखा वाचत बसतं.

आता महत्त्वाचं. पालकांच्या याद्या बघितल्या तर बस, जेव, हात धू, अभ्यास कर, ओरडू नको. म्हणजे सगळी आपलीच हुकूमत! त्याला काही म्हणायचं असेल तर? म्हणून 'नको', 'थांबा', 'दुखतंय', 'आवाज होतोय', 'अजून हवं' ही कार्डं आम्ही पहिल्या पानावर घालतोच, यादीत असोत वा नसोत. मिरवणुकीत नाशिक ढोल सुरू झाला आणि मुलाने 'आवाज होतोय' हातात दिलं, की लगेच बाजूच्या गल्लीत न्या. "पाचच मिनिटं हं" म्हणालात तर पुढच्या वेळी ते कार्ड निघणार नाही, थेट रडारड होईल. औषधाला 'नको' आलं तरी औषध द्यावंच लागतं, पण आधी "नको म्हणालास, कळलं मला. दोन चमचे, मग संपलं" एवढं तरी बोला.

मुलं मोठी होतात, वह्या मात्र बालवाडीतच राहतात. सतरा वर्षांच्या मुलाच्या वहीवर टेडी शोभत नाही. तिथे सिटीलिंकची बस, सलून, दाढीचं सामान हवं. मुलींसाठी पाळीचं आणि पॅडचं पान हवं. संकोच वाटला तरी आम्ही सुचवतोच. ऑटिझमचं चिन्ह म्हणून वापरला जाणारा कोड्याचा (जिगसॉ पझलचा) तुकडा आम्ही कव्हरवर छापत नाही. ते चिन्ह १९६३ मध्ये ब्रिटनमधल्या पालकांच्या संस्थेने घेतलं होतं, पण स्वतः ऑटिझम असलेल्या अनेक मोठ्या माणसांना त्यात आपण अपुरे असल्याचं सुचवलेलं दिसतं. त्याऐवजी मुलाच्या आवडीचं काहीही चालेल. पंख्यांना फार मागणी आहे!

शाळेने वहीला हरकत घेतली, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ दाखवा. त्यात ऑटिझमचा समावेश आहे, आणि कलम १७ नुसार संवादाच्या पर्यायी पद्धतींना चालना देणं हे शासनाचं काम आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचाही हक्क आहे.

मोबाईलवर काही हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' ॲप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, आधी ते वापरून बघा.

लॅमिनेशन मॅटच घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाईट चमकते. कार्डं पानावर चिकटवायच्या वेल्क्रोची खरखर सहन न होणाऱ्या मुलांसाठी खिशांची पानं करून देतो. पहिल्यांदा आठ-दहा कार्डंच करा. फाईल आमच्याकडे राहते, त्यामुळे एखादं कार्ड हरवलं किंवा चावून खराब झालं तर तेवढंच पुन्हा छापून मिळेल.