जलपर्णी ते वाळ्याचा तराफा: तरंगत्या पाणथळीची पार्श्वभूमी

शेतातले नत्र आणि स्फुरद पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात उतरले की आधी शेवाळ माजते आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. पाणवनस्पतींकडून असे पाणी स्वच्छ करून घेण्याचे पद्धतशीर प्रयोग जर्मनीत केटे झाइडेल यांनी १९५०च्या दशकात माक्स प्लांक संस्थेत सुरू केले. पुढे १९७०च्या दशकात नासाचे बिल वुल्व्हर्टन यांनी मिसिसिपी राज्यात सांडपाण्याच्या तळ्यांत मुद्दाम जलपर्णी सोडली. पाणी सुधारले, पण पद्धतीची मेख तिथेच कळली.

जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणीच असते. वाळलेल्या भागात २ टक्के नत्र धरले, तर २० टन ओल्या जलपर्णीतून २० किलो नत्र हाती लागते, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीइतके. एवढा माल उपसला नाही तर तो तिथेच कुजतो आणि शोषलेले सगळे पाण्यात परत येते. शिवाय ती एका जागी राहत नाही, पसरते. आपल्याकडच्या नद्यांवर हे दरवर्षी दिसतेच.

म्हणून काठावरची झाडे तराफ्यावर बांधायची पद्धत आली; हीच तरंगती पाणथळ. जर्मनीत १९८०च्या दशकात तिला आकार आला, आणि न्यूझीलंडमध्ये, जिथे दुग्धव्यवसायाच्या कुरणांतून नत्र तळ्यांत उतरते, तिथे हेडली आणि टॅनर या संशोधकांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. मुळे मातीत नव्हे, पाण्यात लोंबतात. त्यांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो, बारीक गाळ त्यात अडकतो, आणि तराफ्याखाली प्राणवायू कमी असल्याने हे जिवाणू नायट्रेटचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नत्राचा, वायू करतात आणि तो हवेत जातो. बरेचसे नत्र असे जाते. स्फुरदाला मात्र हवेत जायची वाट नाही. ते गाळात बसते किंवा झाडात, आणि तिथून हातानेच काढावे लागते.

हैदराबादच्या नेकनामपूर तलावात वाळा, कर्दळ, पाणकणीस यांचे असे बेट सोडले गेले. तिथला प्रश्न मुख्यतः सांडपाण्याचा होता. शेततळ्यात अडचण वेगळी असते. पहिल्या जोरदार पावसाचा लोंढा तराफ्याला बगल देऊन सरळ सांडव्यातून निघून जातो. त्यामुळे तराफे मधोमध न ठेवता पाणी येते त्या तोंडाशी आडवे बांधावेत.

पाणी किमान ८० सेंटिमीटर ते १ मीटर खोल हवे. उथळ पाण्यात मुळे तळाला धरतात, आणि पातळी वाढली की तराफा वर न येता बुडतो. दोरालाही त्याच हिशेबाने ढील द्यावी. झाडे वाढतात तसे वजन वाढते, म्हणून पाइप किंवा बांबू सुरुवातीलाच जास्त घ्यावेत. सगळे तळे झाकू नये; खाली प्राणवायू संपून माशांवर बेतते.

पाला पिवळा पडण्याआधी कापावा. काठावर ढीग घातला तर पावसात त्याचा रस पुन्हा तळ्यातच झिरपतो; कंपोस्टचा खड्डा उताराच्या खालच्या अंगाला, बांधापलीकडे घ्यावा.