मर्ल ओबेरॉन टास्मानियाची नव्हे, मुंबईची

हॉलिवूडच्या सोनेरी काळातली ब्रिटिश तारका मर्ल ओबेरॉन ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर जन्मली, असं पिढ्यान्‌पिढ्या छापून आलं. ते खोटं आहे. तिचा जन्म 1911 साली आपल्या मुंबईतला. वाढली कलकत्त्यात, तिथल्या हौशी रंगभूमीवर वावरली आणि मग इंग्लंड गाठलं. 1933 मध्ये दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाच्या, इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजावरच्या चित्रपटात ती हेन्रीची राणी अ‍ॅन बोलिन झाली. भूमिका छोटी, पण लोकांच्या लक्षात राहिली. ‘द डार्क एंजल’साठी (1935) तिला ऑस्कर नामांकनही मिळालं.

मग हे टास्मानिया आलं कुठून? तिचं मूळ अँग्लो-इंडियन, आणि त्या काळच्या वर्णभेदी चित्रसृष्टीत हे कळलं असतं तर नायिकेच्या भूमिका बंदच. टास्मानिया सोयीचं होतं: ब्रिटिश साम्राज्यातलं, गोऱ्यांचं आणि इतकं लांब की चौकशीला जाणार कोण! जिला ती आई समजत वाढली ती शार्लट खरं तर आजी. जन्मदाखल्यावर आईचं नाव शार्लटच्या मुलीचं, कॉन्स्टन्सचं आहे. सावळ्या शार्लटला पाहुण्यांपुढे मोलकरीण म्हणवून घ्यावं लागे, असं सांगतात. गंमत म्हणजे 1978 मध्ये टास्मानियातल्या होबार्ट शहराने ‘आपली लेक’ म्हणून तिचा स्वागतसमारंभही केला. पुढच्याच वर्षी ती वारली. खरं मूळ जगजाहीर झालं ते त्यानंतर.