नाथसागराच्या काठावर : चक्रवाक आणि पट्टकदंब

जायकवाडीचा जलाशय, म्हणजेच नाथसागर, फार खोल नाही, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने तीच त्याची श्रीमंती आहे. पैठणजवळ गोदावरी अडवली गेली, १९७६ साली धरण उभं राहिलं आणि पाणी आडवं पसरत गेलं. पावसाळा सरून पाणी उतरू लागलं की काठाकाठाने ओली, सपाट जमीन उघडी पडते. तिथे शेतकरी गाळपेर करतात, गहू-हरभरा घेतात; मधल्या चिखलावर कोवळं गवत धरतं. १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात सोनेवाडीकडे किंवा कायगावच्या बाजूला दुर्बीण लावली, तर हिमालयापलीकडून आलेले दोन पक्षी एकाच काठावर दिसू शकतात.

चक्रवाक नारिंगी-भगवा असतो, डोकं फिकट पिवळसर. उडाला की पंखांवरचे मोठे पांढरे पट्टे लगेच डोळ्यांत भरतात. विणीच्या काळात नराच्या गळ्याभोवती काळी कडी दिसते. पट्टकदंब हा हंसांच्या कुळातला, अंगाने बराच मोठा आणि राखाडी. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असले की ओळख पक्की. यात नर-मादी सारखेच दिसतात.

पट्टकदंब एव्हरेस्टच्याही वरून उडतो, असं पुष्कळदा सांगितलं जातं. शास्त्रज्ञांनी पक्ष्यांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, तेव्हा सर्वाधिक नोंद ७,२९० मीटरची मिळाली. बहुतेक प्रवास ६,००० मीटरच्या खालीच होता. मला यामुळे त्याचं मोल तसूभरही कमी वाटत नाही. ७,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ४० टक्के उरतो, आणि तिथे हा दोन-तीन किलोचा पक्षी पंख मारत चढतो. वर ढकलणाऱ्या वाऱ्यावर तो विसंबत नाही. बहुधा रात्री आणि पहाटे उडतो. तेव्हा हवा थंड, म्हणून थोडी दाट असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली. तो एकदा उंची गाठून तिथेच राहत नाही. डोंगर चढला की चढतो, दरी आली की उतरतो. विरळ हवेत पंख मारणं इतकं महाग पडतं, की मिळवलेली उंची सोडून पुन्हा चढणं त्याला स्वस्त ठरतं.

त्याच्या रक्ताचीही साथ आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत ११९व्या जागी प्रोलिनऐवजी अ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल आहे. एवढ्याशा बदलाने हिमोग्लोबिन ऑक्सिजनला अधिक घट्ट धरतं. शिवाय उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट असतं.

या सगळ्या कौतुकात चक्रवाक मागे पडतो, आणि ते योग्य नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मागोव्यात चक्रवाकही ६,८०० मीटरपर्यंत गेल्याचं दिसलं. उंच शिखरं टाळून तो दऱ्याखोऱ्यांतून वाट काढतो. अंगाने हंसापेक्षा कितीतरी हलका असलेल्या बदकाची ही मजल आहे.

जुन्या कवितेत चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट होऊन दोन काठांवरून एकमेकांना हाका मारते. चक्रवाक बराचसा रात्री चरतो आणि त्याचा घोगरा, अनुनासिक ‘आंग-आंग’ आवाज अंधारात पाण्यावरून दूरवर जातो, हे मात्र प्रत्यक्षातलं आहे. थंडीत तो बहुतेकदा जोडीने दिसतो. पट्टकदंब थव्याने राहतात, आणि पहिल्या हिवाळ्यात पिल्लं आईबापांसोबतच असतात.

घरटी इथे कोणीच करत नाही. पट्टकदंब तिबेट, लडाख, मंगोलियातल्या तळ्यांकाठी आणि बेटांवर जमिनीवर वसाहतीने अंडी घालतो. चक्रवाक कड्यातलं बीळ किंवा कपार शोधतो, कधी पाण्यापासून बरंच लांब.

नाथसागरावर दोघांचा खरा फरक पडतो तो खाण्यात. पट्टकदंब मुख्यतः चरणारा पक्षी. त्याच्या चोचीच्या दातेरी कडा गवत कापायला बनलेल्या. हिरवा काठ नसेल तर तो शेताकडे वळतो आणि पिकाचं नुकसान होतं. शेतकऱ्याची तक्रार खोटी नसते. चक्रवाक सगळं खातो : कोंब, दाणे, किडे, उथळ पाण्यातले जीव. त्यामुळे ज्या वर्षी धरण तुडुंब असतं आणि काठ उशिरा उघडतो, त्या वर्षी चक्रवाक कसाबसा भागवून घेऊ शकतो. पट्टकदंबाला मात्र कुरण हवंच. पक्षीगणना करताना थव्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची पाणीपातळीही लिहून ठेवायला हवी, असं मला वाटतं ते त्यामुळेच.