आयएनआर जागेवर का राहत नाही, त्यामागची जुनी गोष्ट

आईला हृदयात मेटलचा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) बसवला तेव्हापासून घरात एक वही आहे, त्यात फक्त तारीख, आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा टेस्टचा आकडा) आणि गोळीचा डोस. गोळी म्हणजे वॉरफेरिन, व्हॉल्व्हवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घ्यायची. मध्यंतरी आयएनआर १.८, म्हणजे कमी आला म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला तर पुढच्या वेळेला थेट ४.२, म्हणजे जास्त, आणि दोन्ही वेळेला आई एकच बोलली, "माझंच काहीतरी चुकलं असणार". हे ऐकून मला फार वाईट वाटतं. गोळी वेळेवर घेणारी, खाण्यात काटेकोर असणारी बाई स्वतःला दोष देत बसते, म्हणून ही ट्रीटमेंट आली कुठून ते नीट वाचलं आणि इथे लिहितोय.

सुरुवात माणसांपासून नाही, गुरांपासून होते. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत चांगली धडधाकट गुरं अचानक रक्तस्त्राव होऊन मरायला लागली, शिंग कापलं किंवा बैल खच्ची केला की रक्त थांबायचंच नाही. फ्रँक स्कोफिल्ड नावाच्या पशुवैद्याने त्याचं कारण शोधलं, स्वीट क्लोव्हर नावाचा चारा ओला राहून त्याला बुरशी लागली की तो खाऊन हे होतं. त्याने एकाच गंजीतल्या चांगल्या आणि खराब काड्या वेगळ्या करून सशांना घातल्या, चांगल्या खाणारे जगले आणि खराब खाणारे मेले. पण चाऱ्यात नेमकं काय आहे ते कळायला बरीच वर्षं गेली. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, खराब चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या लॅबमध्ये पोचला, आणि तिथल्या लोकांनी सहा वर्षं घालवून १९३९ मध्ये तो पदार्थ वेगळा काढला. डायकुमारॉल. त्याच्याच कुटुंबातलं जास्त तीव्र औषध म्हणजे वॉरफेरिन, १९४८ मध्ये बाजारात आलं ते उंदीर मारायला. नावातलं 'वॉरफ' हे पेटंट असलेल्या विस्कॉन्सिनच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून.

"अहो हे तर उंदराचं औषध" असं कुणीतरी पेशंटसमोर बोलतं आणि पेशंट घाबरतो. पण पुढचा भाग कुणी सांगत नाही. १९५१ मध्ये अमेरिकन सैन्यात नव्याने भरती झालेल्या एका तरुणाने जीव द्यायला ते खाल्लं, ५६७ मिलिग्रॅम, आणि व्हिटॅमिन के देऊन तो पूर्ण बरा झाला. म्हणजे उतारा आहे हे दिसलं, त्यानंतर माणसांसाठी वापरायची हिंमत आली, १९५४ मध्ये परवानगी मिळाली आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर हेच दिलं गेलं.

व्हिटॅमिन केची गोष्ट वेगळीच चालली होती. डेन्मार्कच्या हेन्रिक डॅम यांना १९२९ च्या सुमारास चरबी नसलेलं खाद्य दिलेल्या कोंबडीच्या पिल्लांमध्ये रक्तस्त्राव दिसला, त्यातून हे व्हिटॅमिन सापडलं. आपलं लिव्हर रक्त गोठवणारे चार घटक, २, ७, ९ आणि १० नंबरचे, याच्याच मदतीने तयार करतं, आणि वापरून झालेलं व्हिटॅमिन के परत कामाला लावणारं एक एन्झाइम असतं, गोळी ते अडवते. रक्त खरं तर पातळ होत नाही, उशिरा गोठतं एवढंच. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की आधीच तयार होऊन रक्तात फिरणाऱ्या घटकांना गोळी हात लावत नाही, ते आपापल्या वेळेने संपतात, ७ नंबरचा काही तासांत उतरतो पण २ नंबरच्याला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून आज बदललेल्या डोसचा पूर्ण परिणाम आज दिसूच शकत नाही. पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं म्हणून त्या बंद करा असं जे सरसकट सांगतात तेही अर्धवट आहे, प्रश्न खाण्याचा नसून एकदम कमी-जास्त होण्याचा आहे. शिवाय दोन माणसांच्या जीन्समुळे एकाला पुरणारा डोस दुसऱ्याला कितीतरी पट कमी पडू शकतो.

आता व्हॉल्व्ह. १९६० मध्ये अल्बर्ट स्टार हे सर्जन आणि लोवेल एडवर्ड्स हे रिटायर्ड इंजिनियर यांनी पिंजऱ्यात गोळा असलेला व्हॉल्व्ह मायट्रलच्या जागी बसवला. एडवर्ड्सना आख्खं कृत्रिम हृदय बनवायचं होतं, स्टार म्हणाले आधी एक व्हॉल्व्ह तरी करू. कुत्र्यांवरच्या प्रयोगांपासूनच गुठळी हा मोठा शत्रू होता, कारण रक्तवाहिनीच्या जिवंत अस्तराशिवाय कुठलाही पृष्ठभाग रक्ताला परका वाटतो. मग १९६९ मध्ये कलणाऱ्या चकतीचा आला, १९७७ मध्ये दोन पाकळ्यांचा पायरोलिटिक कार्बनचा, जो थोड्याफार फरकाने आजही बसवतात. गुठळ्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. मायट्रलच्या जागी रक्त संथ वाहतं म्हणून तिथे धोका जास्त आणि आयएनआर साधारण २.५ ते ३.५ लागतो, एऑर्टिकला (हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथल्या झडपेला) बहुतेकदा २ ते ३ चालतो. प्राण्यांच्या टिश्यूचा व्हॉल्व्ह घेतला तर बहुतेकांना ही गोळी कायमची लागत नाही, पण तो झिजतो आणि तरुण पेशंटला पुन्हा ऑपरेशनची वेळ येते.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट टेस्टची आहे. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये प्रोथ्रॉम्बिन टाइम मोजायची पद्धत दिली, रक्तात थ्रोम्बोप्लास्टिन (रक्त गोठायला लावणारा पदार्थ) घालायचं आणि गोठायला किती सेकंद लागतात ते बघायचं. पण हे थ्रोम्बोप्लास्टिन जनावरांच्या मेंदू-फुप्फुसांतून काढायचे, ते कुठल्या प्राण्याचं आणि कुणी बनवलं यावर उत्तर बदलायचं. अमेरिकेत सशाचं कमी संवेदनशील वापरायचे, त्यामुळे तेवढाच आकडा गाठायला डोस जास्त द्यावा लागायचा आणि रक्तस्त्रावही जास्त व्हायचे, इंग्लंडात तोच पेशंट कमी गोळीत भागला असता! हा घोळ मिटवायला जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआर आणला, म्हणजे लॅब कुठलीही असो आकड्याचा अर्थ एकच. वॉरफेरिन माणसांना द्यायला लागून तोपर्यंत जवळजवळ तीस वर्षं झाली होती. त्या काळातल्या व्हॉल्व्हच्या पेशंटनाही कुणी ना कुणी "तुमचंच काहीतरी चुकलं" म्हटलं असेल.

नातेवाईक हमखास विचारतात, आता नवीन गोळ्या आल्यात ना ज्यांना टेस्ट लागत नाही? आल्यात, पण मेटल व्हॉल्व्हसाठी नाहीत. त्यातल्याच डाबिगॅट्रानची मेटल व्हॉल्व्हच्या पेशंटवरची ट्रायल २०१२ मध्ये मध्येच थांबवावी लागली, वॉरफेरिनपेक्षा गुठळ्याही जास्त आणि रक्तस्त्रावही जास्त. अ‍ॅपिक्साबॅनची एका नव्या प्रकारच्या एऑर्टिक व्हॉल्व्हवरची ट्रायलही २०२२ मध्ये गुठळ्यांमुळेच थांबली. म्हणून कृपा करून कुणाच्या सांगण्यावरून गोळी बदलू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबातच नाही.

हे सगळं आईला वाचून दाखवलं आणि मग आम्ही वही काढून बसलो. ४.२ च्या आधीच्या आठवड्यात तिला ताप होता, जेवण निम्म्यावर आलं होतं आणि पाच दिवस अँटिबायोटिक चालू होतं, यातलं काहीच वहीत नव्हतं, आणि डॉक्टरांनाही आम्ही सांगितलं नव्हतं. आता चौथा रकाना आखलाय, ताप, दुसरी औषधं, खाण्यातला बदल. पहिली नोंद तिने स्वतःच्या हाताने केली.