डाग पडलेली डायल की रिडायल?

काकाचं सीको फाइव्ह हे जपानी घड्याळ आणि मी गेल्या वर्षी ऑनलाइन घेतलेलं सीको फाइव्ह, दोन्ही शेजारी ठेवली तर दहातले नऊ जण माझंच उचलतील. निळीशार डायल, एक डाग नाही. काकाचं कुवेतहून आलेलं, वार अरबीत पण दिसतो, चंदेरी डायल कडेनं पिवळट पडलीय आणि चारच्या जवळ काळे ठिपके. तरी ओरिजिनल डायल काकाचीच, माझी रिडायल निघाली.

रिडायल म्हणजे मूळ तबकडीवरचा रंग घासून काढायचा, नवीन रंग मारायचा आणि नाव, रेघा परत छापायच्या. आतलं मशीन बहुतेक वेळा जपानचंच असतं, म्हणून सरळ डुप्लिकेट पण म्हणवत नाही आणि तिथेच आपण फसतो. बाहेरच्या देशातले शौकीन असल्या घड्याळांना चक्क 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आपल्याला ऐकायला बरं वाटत नाही पण काय करणार.

आता डागांचं. आपल्याकडे गोव्यात चार महिने पाऊस, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते तर घड्याळाचं काय होणार. रबर सुकलं की दमट हवा चावीच्या भोकातनं नाहीतर काचेच्या कडेनं आत शिरते. सीको फाइव्हची चावी तीनला नसते, चारला असते, आणि काकाचे ठिपके बरोब्बर तिथेच आहेत. खऱ्या डागाला असं कारण सापडतं. शिवाय काटे पण डायलबरोबरच म्हातारे होतात, काट्यावरचा अंधारात चमकणाऱ्या रंगाचा पट्टा पिवळा आणि डायलवरचे ठिपके पांढरेशुभ्र असं दिसलं तर दोन्हींपैकी एक नंतर आलंय. केसवर (घड्याळाच्या बाहेरच्या डबीवर) ओरखडे, काटे गंजलेले आणि डायल मात्र कालच लग्नात मिळाल्यासारखी, मग मला तरी शंका येते. (हल्ली मुद्दाम तपकिरी करून 'जुनी' केलेली पण मिळते, ती सगळीकडे सारखीच तपकिरी असते.)

पण खरा निकाल छपाईत लागतो. दहापट भिंग घ्या, घड्याळवाला डोळ्याला लावतो तसलं. काकाच्या डायलवर रंग उडालाय तरी अक्षरांच्या कडा ब्लेडनं कापल्यासारख्या आहेत. माझ्यावर अक्षरं फुगलेली, शाई पसरलेली, सातच्या पट्टीला मिनिटाची रेघ मधोमध न येता डावीकडे सटकलीय आणि पट्टीच्या बुडाशी निळा रंग चढलाय. हे फोटोत आधीच दिसत होतं पण मी रंगावर भाळलो.

सीकोत अजून एक सोय आहे. मागच्या झाकणावरच्या मॉडेल नंबरचे पहिले चार आकडे म्हणजे आतलं कॅलिबर (मशीनचा नंबर), समजा ७००९. सहाच्या खाली डायलच्या अगदी कडेला बारीक अक्षरात जो कोड असतो त्यात पण तेच आकडे जुळायला हवेत. माझ्यात नुसतं 'जपान', पुढे काहीच नाही. झाकणावरच्या सिरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना, पण दशक त्यात कळत नाही, ८ म्हणजे १९७८ पण असेल आणि १९८८ पण, ते मॉडेलवरनं ठरवायचं.

स्विस घड्याळांना हा कोडवाला नियम लावू नका. आपल्याकडे गोव्यात १९६१ च्या आधी, पोर्तुगीज असताना, परदेशी माल येत होता म्हणून जुन्या घरांत स्विस घड्याळं निघतात, आणि विकणारा म्हणतो आजोबांनी १९५५ ला घेतलेलं. तेव्हा सहाच्या खाली बघा. 'टी स्विस टी' असेल तर ती खूण ट्रिटियमची (अंधारात चमकणाऱ्या रंगातला किरणोत्सारी पदार्थ), १९६० च्या दशकातली किंवा नंतरची, म्हणजे आजोबांची गोष्ट खरी असली तरी डायल नंतरची आहे. ट्रिटियमचं अर्धं आयुष्य साधारण १२ वर्षं, म्हणजे तेवढ्यात ते निम्मं संपतं, इतक्या वर्षांनी ते अंधारात लख्ख चमकत असेल तर वर नवीन रंग लावलाय. आणि जुना रेडियमचा रंग नखानं खरवडून बघायचा नाही, तो चमकत नसला तरी किरणोत्सारी असतोच.

तर पैसे देण्याआधी दोन फोटो मागायचेच, डायलचा समोरून जवळून आणि झाकण उघडून आतला. द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडनं मी आता घेत नाही.

काकाचं घड्याळ गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला दिलं तेव्हा दुकानदारानं विचारलंच, डायल नवी करून देऊ काय, एकदम शोरूमसारखी दिसेल. काकानं झाकणाचं आणि चावीचं रबर तेवढं बदलायला सांगितलं.