वजनघटीनंतरची बॉडी कॉन्टूरिंग शस्त्रक्रिया व शारीरिक हालचाल

बेरिअ‍ॅट्रिक (लठ्ठपणा कमी करण्यासाठी जठर-आतड्यांवर होणाऱ्या) शस्त्रक्रियेने, औषधांनी किंवा आहार-व्यायामाने वजन मोठ्या प्रमाणात उतरल्यावर अंगावर उरणारी सैल त्वचा आणि तिच्याखालील मेद काढून शरीराला पुन्हा आकार देणाऱ्या शस्त्रक्रियांना एकत्रितपणे ‘बॉडी कॉन्टूरिंग’ म्हणतात. पोट, दंड, मांड्या, स्तन, पाठ व नितंब हे तिचे मुख्य भाग होत.

वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेतील कोलॅजेन व इलॅस्टिन तंतूंची हानी झालेली असते, त्यामुळे आतला मेद ओसरला तरी त्वचा पूर्वीसारखी आवळत नाही. व्यायामाने स्नायू भरतात, परंतु जास्तीची त्वचा नाहीशी होत नाही. त्यामुळे सैल कातडीकडे बोट दाखवून एखाद्याला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. उलट हीच त्वचा व्यायामाच्या आड येते. धावताना पोटावरची घडी हिंदकळते, मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात, आणि घाम साचून घड्यांत दाह व बुरशीचा संसर्ग होतो. कोकण किनाऱ्यावरील दमट हवेत हा त्रास अधिकच जाणवतो. अनेक जण पोहायला किंवा व्यायामशाळेत जाणे टाळतात, त्यामागे लोकांच्या नजरांचा संकोचही असतो.

ओटीपोटावरची लोंबती घडी कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी 1899 मध्ये प्रसिद्ध केली होती. पुढे अमेरिकन प्लास्टिक सर्जन टेड लॉकवूड यांनी 1991 मध्ये त्वचेखालच्या तंतुमय पडद्याला टाके घालून ताण पेलण्याची पद्धत मांडली आणि कमरेभोवती वर्तुळाकार छेद घेऊन पोट, बाजू व नितंब एकत्र उचलण्याच्या शस्त्रक्रियांना बळ मिळाले.

बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारणतः 12 ते 18 महिने थांबून, वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच ही शस्त्रक्रिया करतात. प्रथिने, लोह, बी12 जीवनसत्त्व यांची कमतरता आधी भरून काढावी लागते, कारण कुपोषित शरीरातील जखम नीट भरत नाही. तंबाखू व धूम्रपान सोडणेही याच कारणासाठी आवश्यक असते. जखमेखाली द्रव साचणे, टाके उसवणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि पायातील शिरांत रक्ताची गुठळी होणे हे प्रमुख धोके आहेत. लांब व्रण कायम राहतात, ही गोष्ट रुग्णाला आधीच स्पष्टपणे सांगायला हवी.

गुठळीचा धोका कमी व्हावा म्हणून रुग्णाला शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी, चालवतात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे काही दिवस कमरेत किंचित वाकून चालावे लागते, दंडाच्या शस्त्रक्रियेनंतर हात उंच नेण्यावर बंधन असते, आणि दाब देणारा पट्टा काही आठवडे वापरतात. जड वजन उचलणे व पोटाचे व्यायाम सर्वसाधारणपणे 6 ते 8 आठवडे वर्ज्य असतात. पोटाचे स्नायू शिवून घट्ट केले असतील तर हा नियम विशेष काटेकोरपणे पाळावा लागतो. यानंतर सर्जनच्या सल्ल्याने व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवतात. वजन उतरताना मेदाबरोबर स्नायूही घटलेले असल्याने केवळ चालणे पुरत नाही, स्नायूंना ताकद देणारे व्यायामही लागतात.

या शस्त्रक्रियेनंतर हालचाल सुलभ झाल्याचे अनेक रुग्ण सांगतात. मात्र ती करून घेणारे बहुधा आधीपासूनच निग्रही असतात, त्यामुळे पुढे वजन टिकले तर त्याचे सारे श्रेय शस्त्रक्रियेला देता येत नाही.

भारतातील आरोग्यविमा सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी सहसा वगळतो, म्हणून शस्त्रक्रियेची गरज वैद्यकीय आहे हे दाखवण्यासाठी घड्यांतील वारंवार होणाऱ्या संसर्गाची व त्यावरील उपचारांची वैद्यकीय नोंद ठेवणे रुग्णाच्या हिताचे असते.