सॉलिड ॲक्सल स्वॅप

पिकअप ट्रकच्या पुढच्या चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापले खालीवर होते अशी रचना) काढून तिथे दोन्ही चाकांना जोडणारा सलग आस बसवणे म्हणजे सॉलिड ॲक्सल स्वॅप. अमेरिकेत घरच्या गॅरेजात हे काम करणारे त्याला नुसते ‘एसएएस’ म्हणतात. मोठ्या मालवाहू ट्रकांचा पुढचा आस बहुधा मुळातच सलग असतो, त्यामुळे त्यांना हा खटाटोप लागत नाही.

याचे ठरलेले उदाहरण टोयोटाचे. अमेरिकेतल्या फोर व्हील ड्राइव्ह टोयोटा पिकअपला १९८५ पर्यंत पुढे कमानपाट्यांवरचा (लीफ स्प्रिंगवरचा) सलग आस होता; १९८६ च्या मॉडेलपासून टॉर्शन बारचे (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याचे) स्वतंत्र सस्पेन्शन आले. रस्त्यावर गाडी मऊ चालू लागली, पण खडकाळ वाटेवर चाकांची खालीवर होण्याची मुभा तोकडी पडू लागली. सलग आसाचे एक चाक दगडावर चढले की आस तिरपा होतो आणि दुसरे चाक खाली दाबले जाते. म्हणून नव्या गाडीखाली जुना आस घालायची टूम निघाली. जड गाड्यांसाठी डाना कंपनीचे डाना ४४ किंवा डाना ६० हे आस घेतात. आपल्याकडे २०१० मध्ये आलेल्या महिंद्रा थारच्या टॉर्शन बारच्या मॉडेलवर हौशी लोक असाच बदल करतात; मात्र गाडीतल्या फेरफारांवर निर्बंध घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे तो नोंदणीच्या वेळी अडचणीत आणू शकतो.

आस निवडताना डिफरन्शियल (आसावरचा, शक्ती दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा गोळा) कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहायचे. ट्रान्स्फर केसमधून (पुढच्या-मागच्या आसांत शक्ती वाटणाऱ्या पेटीतून) पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो, त्याच बाजूला ते हवे. गिअरचे प्रमाणही मागच्या आसाइतकेच लागते.

चासी लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) चढवून जुने ब्रॅकेट ग्राइंडरने साफ उडवतात. त्याआधी चासीवरच्या ठरलेल्या छिद्रांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करून ठेवायच्या. कमानपाट्या धरणारे नवे हँगर या खुणांवरूनच बसतात. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या दोन्ही मापांचा ताळा घ्यायचा, मगच पक्के वेल्डिंग. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढायची.

इथवर दोन शनिवार-रविवार पुरतात. खरे काम स्टीअरिंगचे. गाडी उंच झाल्याने ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) उताराला लागली, तर प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप ओढले जाते. यालाच बम्प स्टीअर म्हणतात. म्हणून टोयोटात नकलच्या (आसाच्या टोकाला चाकासह वळणाऱ्या सांध्याच्या) माथ्यावर उंच आर्म लावून लिंक कमानपाट्यांच्या वरून आडवी नेतात आणि त्यासाठी १९८६ पासूनच्या मॉडेलचाच स्टीअरिंग बॉक्स वापरतात. चासीचा तेवढा भाग आतून पट्टी मारून भक्कम केला नाही, तर बॉक्सभोवती तडे जातात.

कॅस्टर कोनाची (नकल ज्या रेषेभोवती वळते तिच्या मागे झुकावाची) ओढाताण वेगळीच. शाफ्ट सरळ यावा म्हणून आस फिरवून डिफरन्शियलचे तोंड वर केले की कॅस्टर घटतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपसूक परत येत नाही. दोन्ही हवे असेल तर आसाच्या टोकांचे वेल्ड कापून नकल वेगळ्या कोनात फिरवावे लागतात. ब्रेकचे होजही लांब घ्यावे लागतात. आस पूर्ण खाली लटकवून मापल्याशिवाय त्यांची लांबी ठरवू नये.

चाचणीत वेग धरताच पुढची चाके थरथरली, तर अनेकजण लगेच स्टीअरिंग डँपर (हादरे शोषणारा दांडा) लावतात. त्याने थरथर झाकली जाते, पण बेअरिंग, टाय रॉडची (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) टोके आणि टो-इन (चाकांची तोंडे किंचित आत वळलेली असणे) तपासल्याशिवाय मूळ ढिलाई सापडत नाही.